कूतचा वेढा: पूना डिव्हिजन बगदादच्या वाटेवर कशी अडकली

बसरा हे नाव मराठी घरात नथीमुळे येतं. बसरा मोत्यांची नथ आजीच्या डबीतून नातसुनेकडे जाते, पण हा बसरा नकाशावर कुठे आहे हे कुणी विचारत नाही. १९१४ च्या नोव्हेंबरात मात्र कोकणातली आणि देशावरची तरुण मुलं खरोखरच बसऱ्याला जाऊन उतरली. ती ज्या फौजेत होती, तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. या डिव्हिजनबरोबर लढणाऱ्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी मराठ्यांच्या होत्या आणि त्यांत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्याही होत्या. शेजारी पंजाबी, राजपूत, गुरखा आणि गोऱ्या पलटणी. दीड वर्षाने, २९ एप्रिल १९१६ रोजी, ही फौज टायग्रिस नदीकाठच्या कूत नावाच्या छोट्या गावात उपासमारीने शरण गेली.

आपल्याकडे पहिलं महायुद्ध म्हटलं की फ्रान्समधले खंदक डोळ्यांसमोर येतात. पण हिंदुस्थानातून परदेशी गेलेल्या लोकांपैकी सगळ्यात जास्त, सहा लाखांच्या आसपास, गेले ते मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला. या मोहिमेचं अपयश लंडन, सिमला (म्हणजे हिंदुस्थानचं ब्रिटिश सरकार) आणि बगदादच्या राजकारणाला हादरे देऊन गेलं. म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी. त्यासाठी सेनापतींच्या डावपेचांपेक्षा बोटी, पीठ आणि खेपा यांचा हिशेब जास्त उपयोगी पडतो.

तेलासाठी बसऱ्याला

आजचा इराक तेव्हा तुर्की साम्राज्याचा भाग होता. मोसुल, बगदाद आणि बसरा असे तीन वेगवेगळे सुभे होते, 'इराक' नावाचा देश नव्हता. पलीकडे इराणात १९०८ साली तेल सापडलं होतं. ते नळाने आबादानच्या कारखान्यात यायचं, आणि आबादान हे बेट बसऱ्याच्या खाली त्याच पाण्यावर, शत्त-अल-अरब नदीच्या काठाला. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर येत होतं. म्हणून १९१४ मध्ये, युद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी, ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले.

त्या वर्षीच्या शरदात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं. तुर्की सुलतान हाच खलिफा. त्याच्या नावाने जिहादची हाक दिली गेली, आणि हिंदुस्थानातले मुसलमान तिला कसा प्रतिसाद देतील याची धास्ती सिमल्याला वाटू लागली. ६ नोव्हेंबर १९१४ ला पूना डिव्हिजनची पहिली तुकडी या नदीच्या मुखाशी फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडलं. तेलाचं रक्षण झालं, आखातातला ब्रिटिशांचा दबदबाही राहिला. ठरलेलं काम खरं तर इथेच संपत होतं.

आणखी थोडं पुढे

पण बसरा सुरक्षित ठेवायचा तर वरचं कुर्ना हवं, कारण तिथे टायग्रिस आणि युफ्रेटिस मिळतात. कुर्ना डिसेंबरात घेतलं. तेलाच्या नळाला धोका नको म्हणून वरचं अमारा हवं. ते १९१५ च्या जूनमध्ये घेतलं. बसऱ्याच्या बगलेवर युफ्रेटिसकाठचं नासिरिया आहे, तिथून हल्ला होऊ शकतो. तेही जुलैत घेतलं. आता अमारा आणि नासिरिया दोन्हींवर वरून येणारी वाट कूतला फुटते. सप्टेंबरअखेर कूतही हाती आलं. आणि कूतपर्यंत आल्यावर बगदाद तर 'समोरच' होतं.

हे टप्पे एकेक करून पाहिले तर प्रत्येकाला कारण आहे. मागच्या ठाण्याचं रक्षण करायला पुढचं ठाणं, आणि पुढचं घेतलं की त्याच्या रक्षणाला आणखी पुढचं. एकत्र पाहिलं की कळतं, कुठे थांबायचं हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. पहिल्या सहज विजयांनीही डोळे दिपले. कुर्नाच्या वर सगळा प्रदेश पुराच्या पाण्याखाली होता. शिपायांनी 'बल्लम' नावाच्या लांबट, अरुंद होड्या वेळूने रेटायला शिकून घेतलं आणि होड्यांतूनच हल्ला केला. डिव्हिजनचा प्रमुख मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड एका छोट्या बोटीतून पळणाऱ्या तुर्कांच्या मागे लागला आणि जेमतेम शंभरेक माणसांनिशी त्याने अमारा गाव ताब्यात घेतलं. तिथली तुर्की फौज संख्येने कितीतरी पट मोठी होती. मागून मोठं सैन्य येतंय या समजुतीने ती शरण आली. अशा यशानंतर 'थांबा' म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार?

गंमत म्हणून नव्हे, पण समजायला म्हणून एक हिशेब करू. त्या भागात रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. होती ती नदी. समजा एक बोट बसऱ्याला माल भरून निघते, चार दिवसांत ठाण्याला पोचते, रिकामी होऊन तीन दिवसांत परत येते. म्हणजे महिन्याला चार खेपा. आता ठाणं दुप्पट लांब गेलं. त्याच बोटीच्या दोनच खेपा होतील. खाणारी तोंडं तेवढीच, घोडे-खेचरांचा चारा तेवढाच, आणि पोचणारा माल निम्मा. शिवाय त्याच बोटीने वर जाताना कुमक न्यायची आणि खाली येताना जखमी आणायचे. फौज एकेक लढाई जिंकत पुढे सरकते, तसतशी तिची रसद बारीक होत जाते. बसऱ्यापासून बगदाद नदीच्या वळणावळणाने ५०० मैलांच्या आसपास आहे.

त्यात नदीही साथ देणारी नव्हती. पाऊस-बर्फाच्या पाण्याने वसंतात टायग्रिस दुथडी वाहते आणि शरदात इतकी उथळ होते की बोटी गाळात रुततात. सपाट तळाच्या, कमी पाण्यात चालणाऱ्या बोटीच इथे कामाच्या. हिंदुस्थानातल्या आणि ब्रह्मदेशातल्या नद्यांवरच्या अशा बोटी मागवल्या, पण त्या खुल्या समुद्रासाठी बांधलेल्या नव्हत्या, काही वाटेतच बुडाल्या. बसऱ्याला धक्का नव्हता. पुढे पुढे तर माल घेऊन आलेली जहाजं रिकामी व्हायला आठवडेच्या आठवडे नांगर टाकून उभी राहायची. मोहिमेचा सरसेनापती जनरल निक्सन याने बसऱ्याहून नासिरियापर्यंत रेल्वे मागितली, तेव्हा खर्चाच्या कारणावरून नकार मिळाला.

हा नकार कुणी दिला, हेही महत्त्वाचं आहे. ही मोहीम लंडनच्या युद्धखात्याची नव्हती. ती हिंदुस्थान सरकारची, म्हणजे सिमल्याची होती. माणसं, पैसा, औषधं, खेचरं सगळं इथून जायचं. पण हिंदी लष्कराची रचना सरहद्दीवरच्या छोट्या चकमकींसाठी झालेली, आणि त्याच्या खर्चावर वर्षानुवर्षं कात्री चालवलेली. वर मोठ्या निर्णयाला लंडनची परवानगी लागायची. निक्सन सिमल्याला सांगतो, सिमला लंडनला विचारतं, लंडन सिमल्याचं मत मागतं. ज्या साखळीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर हो म्हणतो, तिच्यात शेवटी कुणाचाच नकार उरत नाही.

१९१५ च्या ऑक्टोबरात लंडनला विजय हवा होता. तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पावर तुर्कांसमोर ब्रिटिशांची कोंडी झाली होती आणि तिथून माघार घ्यावी लागणार हे दिसू लागलं होतं. पूर्वेकडच्या लोकांसमोर पत राखायची तर बगदादसारखं नावाजलेलं शहर हातात यायला हवं, असा विचार झाला. टाउनशेंडला स्वतःला कूतला थांबणं शहाणपणाचं वाटत होतं, आणि तसं तो बोललाही. निक्सनला मात्र खात्री होती. मंत्रिमंडळाने परवानगी दिली.

टेसिफॉन

बगदादच्या खाली वीसेक मैलांवर टेसिफॉन आहे. इराणच्या सासानी बादशहांच्या महालाची विटांची प्रचंड कमान आजही तिथे उभी आहे. २२ नोव्हेंबर १९१५ ला या कमानीच्या आसपास लढाई झाली. पूना डिव्हिजनने तुर्कांची खंदकांची पहिली रांग घेतली, पण दुसरी घेता आली नाही. साडेचार हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, लढायला उतरलेल्या तिघांमधला एक तरी. मागून कुमक नव्हती. टाउनशेंड मागे फिरला.

जखमींचं पुढे काय झालं हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. मांड्या मोडलेल्या, पोटात गोळी लागलेल्या माणसांना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून मैलोन् मैल नदीपर्यंत आणलं. तिथे त्यांना बोटींवर आणि बोटींना बांधलेल्या लोखंडी पडावांवर दाटीवाटीने निजवलं. वर छप्पर नाही, खाली अंथरूण नाही. मेजर कार्टर नावाचा लष्करी डॉक्टर बसऱ्याला इस्पितळ-जहाजावर होता. 'मेजिदिया' नावाची बोट संध्याकाळच्या उजेडात जवळ येताना त्याला तिच्या कडांवरून दोरखंड लोंबकळत असल्यासारखे दिसले. बोट अगदी जवळ आल्यावर कळलं की ते दोर नव्हते. हगवण लागलेल्या, जागचं हलता न येणाऱ्या शेकडो जखमींची घाण कडेवरून ओघळून वाळली होती. कार्टरने हे वर कळवलं, तर त्यालाच दमदाटी झाली. बसऱ्याहून सिमल्याला गेलेल्या तारेत मात्र जखमींची स्थिती समाधानकारक असल्याचं लिहिलं होतं.

जवळजवळ पाच महिने

३ डिसेंबरला थकलेली फौज कूतला पोचली. कूतला टायग्रिस मोठं वळण घेते आणि गाव त्या वळणाच्या पोटात, तिन्ही बाजूंनी पाण्यात आहे. नदीपलीकडे लोकरीचे गठ्ठे बांधायच्या कारखान्याभोवती एक वाडी होती, ती ११० नंबरच्या मराठा पलटणीने आणि राजपुतान्याच्या एका पलटणीने धरून ठेवली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पुरा केला. आत शिपाई तर होतेच, शिवाय भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले असे हजारो लोक होते, आणि गावचे सहा हजार रहिवासी.

वेढ्याची पहिली चूक हिशेबाची होती. आपल्याकडे दोनेक महिन्यांचाच शिधा आहे असं टाउनशेंडने कळवलं. त्यामुळे सोडवायला येणाऱ्या जनरल एलमरने फौज पुरी जमायच्या आधीच घाई केली. जानेवारीतल्या चिखलात, पावसात, तोफा आणि तंबू मागे ठेवून हल्ल्यामागून हल्ले झाले. शेख साद, वादी, हन्ना या प्रत्येक ठिकाणी माणसं पडली. मग जानेवारीच्या शेवटी कूतमध्ये घरोघर झडती घेतली तेव्हा पेवांत आणि कोठारांत धान्य निघालं, आणि साठा आणखी ८४ दिवस पुरेल असं कळलं. ही झडती डिसेंबरात झाली असती तर! ८ मार्चला दुजैलाला तर सोडवणारी फौज रातोरात चालून पहाटे तुर्कांच्या मोर्च्यासमोर उभी होती आणि मोर्चा जवळजवळ रिकामा होता. पण आधी तोफा डागायच्या आणि मगच चढायचं, असं कागदावर ठरलेलं होतं. तोफांची वाट पाहण्यात तास गेले, तेवढ्यात तुर्क येऊन बसले. कूतमधल्या तेरा-चौदा हजारांना सोडवताना बाहेरच्या फौजेतले २३,००० मेले किंवा जखमी झाले.

आतली उपासमार सगळ्यांची सारखी नव्हती. पीठ कमी होत गेलं तसे तोफखान्याचे आणि घोडदळाचे घोडे मारून खायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवली, ती आलीही. तरी शिपायांचं मन होईना. ही गोष्ट आज हट्टासारखी वाटेल, पण ज्याला गावाकडे परत जायचं आहे त्याच्या जागी उभं राहून पाहा. घोडा खाल्ला हे गावात कळलं तर पंगतीला कोण घेईल? मुलीचं लग्न कुठे जमेल? धर्मगुरूची परवानगी तारेने येते, भावकीची येत नाही. एप्रिलमध्ये बहुतेकांनी खायला सुरुवात केली, तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं.

इथे एक गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. भाजी-फळं मिळत नसल्याने हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या. घोड्याचं ताजं मांस खाणारे गोरे शिपाई त्यातून बरेचसे वाचले. पण गोऱ्यांना बेरीबेरी झाला, कारण ते पांढऱ्या मैद्याचा पाव खात होते. हिंदी शिपायांच्या कण्या-कोंड्यासकटच्या आट्याने त्यांना बेरीबेरीपासून वाचवलं. मैदा संपला, गोऱ्यांनाही आटा आणि जव खावे लागले, आणि बेरीबेरी ओसरला. हे दोन्ही आजार जीवनसत्त्वांच्या कमतरतेचे, आणि 'व्हिटॅमिन' हा शब्दच तेव्हा नुकताच जन्मला होता.

धान्य होतं तेव्हा ते दळायची पंचाईत होती. त्यासाठी विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले. एप्रिलमध्ये पिठाच्या गोण्याही टाकू लागले. वेढ्यातल्या फौजेला विमानाने अन्न पुरवायचा जगातला हा पहिलाच प्रयत्न. पण त्या काळची विमानं ती केवढी! काही गोण्या नदीत पडल्या, काही तुर्कांच्या हाती लागल्या. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाच्या बोटीवर २७० टन अन्न भरून ती तुर्कांच्या पहाऱ्यातून न्यायचा प्रयत्न झाला. कूतच्या खाली काही मैलांवर तीही पकडली गेली.

मग सौदा करून पाहिला. वाटाघाटीला आलेल्यांमध्ये पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स होता. फौजेला सोडा, दहा लाख पौंड देतो, नंतर वीस लाख देतो. तुर्की सेनापती खलील पाशाने नकार दिला आणि तुर्कांनी ही लाच जगाला सांगितली. २९ एप्रिलला तोफा फोडून, दारूगोळा नदीत टाकून कूत शरण गेलं. तेरा हजारांहून जास्त कैदी. ब्रिटिशांना मदत केल्याच्या आरोपावरून गावातल्या काही लोकांना तुर्कांनी फासावर दिलं.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर घर मिळालं, नोकर मिळाले. शिपायांना उन्हाळ्याच्या वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेलं. बूट फाटलेले, पाणी विकत, मागे पडेल त्याला फटके. पुढे त्यांना आजच्या सिरियातल्या रास-अल-ऐनच्या आसपास आणि तुर्कस्तानातल्या तोरोस डोंगरात बगदाद रेल्वेच्या बोगद्यांवर कामाला लावलं. तिथे या कैद्यांनी आणखी एक भयंकर गोष्ट पाहिली. रास-अल-ऐन हे तुर्कांनी घरादारातून हाकललेल्या आर्मेनियन लोकांच्या छावणीचं आणि कत्तलीचं ठिकाण होतं. कूतच्या गोऱ्या शिपायांपैकी दहातले जवळजवळ सात कैदेत मेले किंवा बेपत्ता झाले. हिंदी शिपाई आणि नोकरचाकरांतलेही हजारो परतले नाहीत.

हादरे

कूत पडायच्या आदल्या दिवशी, २८ एप्रिल १९१६ ला, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण काळ एकच होता. साम्राज्य हिंदी माणसांच्या बळावर लढत होतं आणि ते बळ कसं वापरलं जातं याचे जाब विचारले जाऊ लागले होते.

लंडनमध्ये पार्लमेंटने चौकशी आयोग नेमला. १९१७ च्या उन्हाळ्यात त्याचा अहवाल बाहेर आला. कार्टरची साक्ष, बोटींचा तुटवडा, सिमल्याची काटकसर, खोट्या तारा, सगळं छापून आलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यावरच्या चर्चेत एडविन मॉन्टेग्यू यांनी हिंदुस्थान सरकार लाकडासारखं ताठर आणि काळाच्या मागे पडलेलं आहे अशा शब्दांत झोडपलं, आणि काही दिवसांतच तेच भारतमंत्री झाले. २० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणण्याची घोषणा केली. हिंदी माणसाला लष्करात बादशहाच्या सहीची सनद, म्हणजे खऱ्या अधिकाऱ्याचं पद, मिळण्याची वाटही तेव्हाच उघडली. तोवर तीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार-मेजर कालपरवा आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालीच असायचा.

कूत पडलं म्हणून ही घोषणा झाली, असं मी म्हणणार नाही. होमरूलची चळवळ, लखनौ करार, माणसांची आणि पैशाची वाढती गरज, सगळ्यांचा तो एकत्रित दाब होता. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून युद्धासाठी दहा कोटी पौंड 'भेट' दिले गेले. पण हिंदुस्थान सरकार कार्यक्षम आहे आणि म्हणून त्याला राज्य करू द्यावं, हा जो दावा होता, तो मेसोपोटेमियाने मोडला. टिळकांचा युक्तिवाद सरळ होता: सैन्यभरतीला मदत करू, पण बरोबरीच्या हक्काने. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना स्वराज्याचा विषय काढताच अडवलं. टिळक सभा सोडून निघाले. तेव्हा मुंबईत, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत, लष्करी इस्पितळ भरलेलं होतं.

इकडे मोहीम थांबली नव्हती. लंडनने ती सिमल्याकडून काढून घेतली, आणि १९१६ च्या ऑगस्टमध्ये जनरल मॉड प्रमुख झाला. त्याने आधी बसऱ्याला धक्के बांधले, रूळ टाकले, बोटी वाढवल्या, इस्पितळं उभारली. महिने गेले ते यातच. मग फेब्रुवारी १९१७ मध्ये कूत परत घेतलं आणि ११ मार्चला बगदाद. त्यानंतर चार दिवसांनी रशियात झारने गादी सोडली. उत्तरेकडून तुर्कांवर दाब ठेवणारी रशियन फौज विरघळू लागली, आणि नोव्हेंबरात सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी झारच्या दप्तरातले गुप्त करार छापून टाकले. त्यात कूत पडल्यानंतर अडीच आठवड्यांत, मे १९१६ मध्ये झालेला सायक्स-पिको करार होता. अरबांना स्वतंत्र राज्याची आशा दाखवून ब्रिटन आणि फ्रान्सने अरबी मुलूख आपसात वाटून घेतला होता. बगदादेत मॉडच्या नावाने जाहीरनामा लागला होता की आमच्या फौजा जेते किंवा शत्रू म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. ज्या फौजेच्या नावाने हे लिहिलं, तिच्यातले बहुसंख्य शिपाई स्वतः परक्या राजवटीखालचे होते.

१९१८ च्या ऑक्टोबरात शरकातच्या लढाईत ११४ नंबरच्या मराठा पलटणीने २८ शौर्यपदकं मिळवली. ३० ऑक्टोबरला तुर्कांशी युद्धबंदी झाली. मोसुल त्यानंतर घेतलं गेलं. तीन सुभे जोडून इराक बनवला, त्याचा ताबा ब्रिटनकडे सोपवायचं १९२० मध्ये ठरलं, आणि त्याच उन्हाळ्यात युफ्रेटिसकाठच्या टोळ्या आणि गावं उठली. बंड मोडायला पुन्हा हिंदी पलटणीच गेल्या. शेवटी १९२१ च्या ऑगस्टमध्ये मक्केच्या शरीफाचा मुलगा फैसल याला बगदादच्या गादीवर बसवलं.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाने या महायुद्धात ४६ माणसं गमावली. कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आढळते: या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी अमुक मेली. बहुतेक पाट्यांवर नावं नाहीत, दोन आकडे आहेत. बसऱ्यालाही एक स्मारक आहे, कबर नसलेल्या ४०,००० हून जास्त मृतांचं. गोऱ्या शिपायांची नावं दगडात कोरलेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि खाली 'आणि इतर इतके शिपाई'. हे स्मारक मुळात बसऱ्याच्या गोदीजवळ होतं. १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, ३२ किलोमीटर आत वाळवंटात नेऊन उभं केलं आहे.